देणारा कोण, भाचेबुवा?

प्रिय भाचेबुवा,

तुझा लांबलचक मेसेज पोचला. फोनवर उत्तर दिलं असतं तर नेहमीप्रमाणे तू बोलत राहिला असतास आणि मी नुसता हुंकार भरत बसलो असतो, म्हणून हे पत्र. तुझी मागणी अशी, की मामानं ताईची, म्हणजे तुझ्या आईची, समजूत काढावी. तुझ्या पहिल्या पगारापासून तिनं सुरू करायला लावलेली पाच हजारांची एसआयपी तुला बंद करायची आहे, तीन वर्षांत त्यात जमलेलं काढून घ्यायचं आहे आणि ती रक्कम ट्रेडिंगच्या खात्यात मार्जिन म्हणून टाकायची आहे. "बारा टक्क्यांसाठी वीस वर्षं कोण थांबणार, मामा?" असं विचारून सोबत तू एका मंगळवारचा स्क्रीनशॉट जोडला आहेस. हिरव्या अक्षरांत ४१ हजार २५० रुपये, एका दिवसाचे.

त्या दिवसाबद्दल अभिनंदन, अगदी मनापासून. पण माझ्या धंद्यात स्क्रीनशॉट चालत नाही, टॅक्स पीएनएल, म्हणजे वर्षभराच्या नफातोट्याचा कागद, लागतो.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या ऑफिसात रिटर्नच्या हंगामात पूर्वी कोण यायचं हे तू लहानपणी पाहिलं आहेस. हळदीचे अडते, औषधांचे दुकानदार, डॉक्टर, निवृत्त मास्तर. कोविडनंतर एक नवीनच गिऱ्हाईक सुरू झालं. वय बावीस ते तीस, पगार वीस-पंचवीस हजार आणि रिटर्न मात्र आयटीआर-३, म्हणजे धंदेवाल्यांचं. कारण फ्युचर-ऑप्शनमधला नफातोटा आयकर खातं धंद्याचा धरतं. आपण 'धंदा' करतो आहोत हे यातल्या निम्म्या पोरांना माझ्या टेबलासमोर बसल्यावर पहिल्यांदा कळतं.

मिरजेजवळच्या एका गावातला असाच एक मुलगा आला होता. खाजगी नोकरी, घरी थोडी शेती. "तोटा अडतीस हजार आहे मामा, जास्त नाही," म्हणाला. (मी यांचाही मामाच.) ब्रोकरच्या साइटवरून उतरवलेली फाइल उघडली तर ओळींचा अंत लागेना. निफ्टी, अमुक स्ट्राइक, कॉल, घेतला. चार मिनिटांनी विकला. दोन मिनिटांनी तोच परत घेतला. मग पुट. मग पुन्हा कॉल. सकाळी सव्वानवाला सुरुवात आणि दुपारी तीनपर्यंत हेच. फाइलच्या शेवटी वेगळा तक्ता होता: ब्रोकरेज, एसटीटी, एक्स्चेंजचं शुल्क, सेबीचं शुल्क, स्टॅम्प ड्युटी, जीएसटी. त्याची बेरीज ६१ हजार. हा तक्ता त्यानं वर्षभरात कधी उघडलाच नव्हता. अ‍ॅपवर दिसणारा लाल आकडा म्हणजे आपला तोटा, असं तो धरून चालला होता. बाजारात गेलं त्याच्या दीडपटीहून जास्त वाटखर्चात गेलं होतं आणि तो मात्र बाजारावर चिडलेला होता.

आता तुझाच हिशेब करू. ७५चा लॉट धर. १०० रुपये प्रीमियमला घेतलास, म्हणजे साडेसात हजार लावलेस. १०५ला विकलास. नफा ३७५. त्यातून घेताना वीस आणि विकताना वीस असं चाळीस रुपये ब्रोकरेज, वर जीएसटी, एसटीटी आणि बाकीची किरकोळ. सगळं मिळून साठेक रुपये जातात. नफ्याचा सहावा हिस्सा झाला, आणि हा जिंकलेला सौदा आहे. हरलास तरी साठ रुपये द्यायचेच. तू लिहितोस, "मी ओव्हरट्रेडिंग करत नाही, दिवसाला चारच ट्रेड." चार ट्रेड, महिन्याचे वीस दिवस, म्हणजे ऐंशी फेऱ्या. गुणाकार कर. पाच हजारांच्या आसपास येतात.

म्हणजे महिन्याला पाच हजार तू भरणारच आहेस. ताईच्या पद्धतीनं ते फंडात जातात, तुझ्या पद्धतीनं ब्रोकर, एक्स्चेंज आणि सरकारकडे. एवढं झाल्यावर मग तुझी ट्रेडिंगची हुशारी सुरू होणार.

याहून मोठा प्रश्न मला वेगळाच पडतो, आणि तो तू स्वतःला विचारलेला दिसत नाही. त्या मंगळवारचे ४१ हजार तुला दिले कुणी?

बाजारानं दिले, असं म्हणू नकोस. ऑप्शनमध्ये बाजार काहीच देत नाही. तू कॉल घेतलास तेव्हा समोर कुणीतरी तो विकला होता. तुझे आले ते त्याचे गेले. दुसऱ्या दिवशी त्याचे येतील तेव्हा ते तुझ्यासारख्याच कुणाचे तरी जातील. भिशीतही सभासदांचेच पैसे फिरतात, बाहेरून एक रुपया येत नाही. पण निदान भिशीत प्रत्येकाची पाळी ठरलेली असते आणि दर फेरीला कुणी कापून घेत नाही. इथे पाळीही ठरलेली नाही आणि कापणं रोजचं.

वायदा म्हणजे सट्टाच, असं मात्र मी म्हणणार नाही. सांगलीच्या माणसानं तसं म्हणूही नये. हळदीचा वायदा या गावाला नवा नाही. हरिपूरच्या पेवांत हळद साठवून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला धास्ती असायची, की माल बाहेर काढेपर्यंत भाव पडला तर? तो आजच पुढच्या तारखेचा भाव बांधून टाकायचा. समोरचा कधी मसाल्याचा कारखानदार असायचा, त्याला भाव चढण्याची धास्ती. दोघांनाही झोप लागायची. त्यांच्या मधोमध सट्टेवालाही असायचा आणि त्याचीही गरज होती, कारण त्याच्यामुळे कुठल्याही वेळी घेणारा-विकणारा सापडायचा. शेअरबाजारातला ऑप्शनही मुळात अशाच विम्यासाठी आहे. ज्याच्याकडे पन्नास लाखांचे शेअर आहेत त्यानं पुट घेऊन ठेवला तर त्यात शहाणपणच आहे. पण तुझ्या पेवात हळद कुठे आहे? तुला कशाचाच विमा नको आहे. तू फक्त भाव कुठे जाईल यावर पैसे लावतोस, आणि तेही पुढच्या दोन तासांत कुठे जाईल यावर. एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी तुम्ही मंडळी जो 'झिरो-हिरो' खेळता, त्यात प्रीमियम दोन-पाच रुपयांवर का आलेला असतो? तो बहुतेक वेळा शून्यावरच जाणार आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, म्हणून.

आणि हा समोरचा विकणारा कोण, तेही बघ. तो तुझ्या हिंजवडीच्या बसमधला तुझ्यासारखाच पोरगा असता तर मी म्हटलं असतं, चला, बरोबरीची कुस्ती आहे. पण तसं नाही. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जो अहवाल काढला त्यात तो समोरचा कोण हे मांडलेलं आहे. २०२३-२४ या एका वर्षात फ्युचर-ऑप्शनमध्ये मोठ्या संस्थांच्या स्वतःच्या खात्यांवर ट्रेडिंग करणाऱ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी कमावले, परदेशी गुंतवणूक संस्थांनी २८ हजार कोटी. बेरीज कर. ६१ हजार कोटी. आणि त्याच वर्षी तुझ्यामाझ्यासारख्या व्यक्तींनी आणि इतर किरकोळांनी गमावले, खर्च धरण्याआधीच, ६१ हजार कोटींच्या वर. त्या संस्थांच्या नफ्यातला जवळजवळ सगळा, ९६-९७ टक्के, अल्गोरिदमनं म्हणजे यंत्रांनी केलेल्या सौद्यांमधून आलेला होता. तू ऑफिसात मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मोबाइलवर बोट फिरवतोस, तोवर त्या यंत्राचे शेकडो सौदे होऊन गेलेले असतात. तेव्हा देणारा कोण, याचं उत्तर सेबीनं छापूनच ठेवलं आहे. देणारा तू आहेस.

त्याच अहवालातला तीन वर्षांचा एकत्र हिशेब आणखी वाईट आहे. एक कोटीहून जास्त व्यक्तींनी यात हात घातला, त्यातल्या ९३ टक्क्यांनी गमावले, सरासरी दोन लाखांच्या घरात, एकूण १ लाख ८० हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा काढणारे जेमतेम एक टक्का. मला सगळ्यात वाईट वाटलं ते दुसऱ्याच आकड्याचं: यातल्या पाऊणशे टक्के लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी नोंदवलं होतं. तोटा झालेल्या चौघांपैकी तिघे पुढच्या वर्षीही खेळतच राहिले. मग सेबीनं नियम कडक केले, कराराची किंमत पंधरा लाखांच्या पुढे नेली, आठवड्याच्या एक्स्पायऱ्या कमी केल्या. त्यानंतर २०२४-२५ चा आकडा आला: गमावणारे ९१ टक्के आणि निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या पुढे. नुकसान वाढलंच.

जुलै २०२५ मध्ये जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीवर सेबीनं आदेश काढला आणि ४,८४३ कोटी जप्तीचे ठरवले, ते तू वाचलं असशीलच. आरोप असा, की सकाळी बँक निफ्टीतले शेअर मोठ्या प्रमाणावर घेऊन निर्देशांक वर ढकलायचा, तेवढ्यात ऑप्शनमध्ये उलट बाजूला कितीतरी मोठी पोझिशन उभी करायची आणि मग शेअर विकून टाकायचे. कंपनीनं आरोप फेटाळला आहे. निकाल लागेल तो लागो. माझं म्हणणं एवढंच, की ज्या पाण्यात असे मासे फिरतात असं खुद्द नियामकच म्हणतो, त्यात तू यूट्यूबवर शिकलेला 'ब्रेकआउट' घेऊन उतरतोस.

यावर तुझं उत्तर मला पाठ आहे. "दहापैकी नऊ हरतात, म्हणजे एक जिंकतो ना?" जिंकतो. तो एक तू असशीलही, मी तुझी बारावीची हुशारी पाहिली आहे. पण अ‍ॅप उघडताना येणारी ती चौकट तू न वाचताच 'समजलं'वर बोट दाबतोस, त्यातली शेवटची ओळ एकदा वाच. ज्यांना नफा झाला त्यांचाही १५ ते ५० टक्के नफा खर्चात गेला, असं तिथे लिहिलेलं आहे. वर मी काढलेला सहावा हिस्सा आठवतो? तो त्यातल्या जवळजवळ सगळ्यात स्वस्त दराचा आहे.

"मग ऑप्शन सोडतो, शेअरच घेतो-विकतो," हा तुझा मेसेजमधला पर्यायी प्रस्ताव. थोडा बरा, पण थोडाच. दिवसाच्या दिवसात घेऊन विकणाऱ्यांचा अहवालही सेबीनं काढला होता, २०२२-२३चा. दहातले सात तोट्यात. वर्षाला पाचशेच्या वर सौदे करणाऱ्यांत ऐंशी टक्के. जितकी घाई जास्त तितकी हार जास्त. अमेरिकेत बार्बर आणि ओडीन या दोन प्राध्यापकांनी हे फार पूर्वी दाखवून दिलं. एका ब्रोकरकडची ६६ हजारांवर कुटुंबांची खाती त्यांनी तपासली, १९९१ ते १९९६ या काळातली, म्हणजे चांगल्या तेजीतली. सगळ्यात जास्त उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले. बाजार त्या काळात १७.९ टक्के देत होता. त्यांच्या आणखी एका अभ्यासात असं निघालं, की पुरुष बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त उलाढाल करतात आणि त्यामुळे आपलंच जास्त नुकसान करून घेतात. हे मी ताईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तुला दिवाळीपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

आता फंडाकडे ये आणि तोच प्रश्न तिथे विचार. एसआयपीच्या पाच हजारांना वाढवून देणारा कोण?

तुझ्या फंडात शे-दीडशे कंपन्यांचे तुकडे आहेत. कुणी साबण विकतं, कुणी सिमेंट, कुणी औषधं, कुणी कर्जं देतं, कुणी तुझ्याच कंपनीसारखं अमेरिकेला सॉफ्टवेअर पाठवतं. त्यांना वर्षाअखेर नफा होतो. तो गिऱ्हाइकाच्या खिशातून आलेला असतो आणि गिऱ्हाइकाला त्या बदल्यात साबण मिळालेला असतो. त्यातला काही लाभांश म्हणून येतो, काही कंपनीत परत घातला जातो आणि ती मोठी होते. इथे तुझ्या नफ्यासाठी समोरच्याचं बुडणं गरजेचं नाही. १९७८-७९ साली १०० धरलेला सेन्सेक्स सप्टेंबर २०२४ मध्ये ८५ हजारांच्या पार गेला, तो काही एकमेकांचे खिसे कापून नव्हे. शिवाय निर्देशांक निर्दय असतो, मागे पडलेल्यांना बाहेर काढतो. सुरुवातीच्या तीस कंपन्यांतल्या कित्येकांची नावंसुद्धा तू ऐकली नसशील. एखादी कंपनी धरून बसलेला माणूस तिच्यासोबत बुडू शकतो. निर्देशांक तिला सोडून पुढे जातो.

आकड्यात सांगायचं तर महिना पाच हजार, वर्षाला बारा टक्के धरले, तर दहा वर्षांनी साडेअकरा लाखांच्या थोडे वर होतात. वीस वर्षांनी पन्नास लाख. पहिल्या दहा वर्षांत साडेअकरा आणि पुढच्या दहांत साडेअडतीस. म्हणूनच तुला तीन वर्षांत काहीच घडलं नाही असं वाटतं. खरंच घडलेलं नाही! चक्रवाढीचं मजेदार काम पुढे असतं, आणि बहुतेक लोक त्याच्या आधीच उठून जातात.

बारा टक्के 'धरले' म्हटलं, 'मिळतात' म्हटलं नाही, हे लक्षात घे. फंड विकणाऱ्यांच्या कॅलेंडरवर जशी सरळ चढती रेघ असते तशी प्रत्यक्षात कधीच नसते. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आठ हजारांच्या खाली गेला. २०१०च्या दिवाळीत पुन्हा २१ हजारांना टेकला आणि घसरला. ती पातळी खरोखर मागे पडली २०१३च्या अखेरीस. जवळजवळ सहा वर्षं! तू तेव्हा शाळेत होतास. त्या सहा वर्षांत हप्ते न थांबवणं म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे. पोस्टाची आरडी पुढे आणि फंड मागे, असे ते दिवस होते. ज्यांनी हप्ते चालू ठेवले त्यांना पडलेल्या भावात भरपूर युनिटं मिळाली आणि पुढे त्यांचंच भलं झालं. पण हे 'पुढे' तेव्हा कुणाला दिसत नव्हतं. २३ मार्च २०२० ला एका दिवसात सेन्सेक्स १३ टक्के पडून २६ हजारांच्या खाली बंद झाला. त्याच वर्षाच्या शेवटी तो ४७ हजारांवर होता. आणि जपानमध्ये १९८९च्या अखेरीस निक्केईनं गाठलेली पातळी ओलांडायला २०२४ उजाडलं. तेव्हा 'दीर्घकाळ थांबा, सगळं ठीक होतं' हा मंत्र म्हणणाऱ्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. सगळे पैसे एकाच टोपलीत कधीच नकोत, निवृत्तीच्या तोंडावर तर मुळीच नकोत.

फंडवाल्यांची वकिली मी करतो आहे असं समजू नकोस. त्यांचीही कात्री असते, फक्त तिचा आवाज येत नाही. तुझी एसआयपी मी काल पाहिली, ती रेग्युलर प्लॅनमध्ये आहे. त्यात विकणाऱ्याचं कमिशन दरवर्षी कापलं जातं. डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून मिळतो. दोघांत एक टक्क्याचा फरक धरला, बाराऐवजी अकरा, तर वीस वर्षांनी पन्नासऐवजी पावणेचव्वेचाळीस लाख होतात. सव्वासहा लाख गेले, एकही स्क्रीनशॉट न दिसता. सल्ला देणारा खरोखर सल्ला देत असेल, २०२०च्या मार्चसारख्या दिवसांत फोन करून तुला थोपवून धरणारा असेल, तर त्याचे पैसे वसूल आहेत असं मी मानतो. नुसता फॉर्म भरून घेणारा असेल तर नाहीत. लार्ज कॅप फंडांचे बहुतेक मॅनेजर निर्देशांकाला हरवू शकत नाहीत, मग मोठ्या कंपन्यांसाठी साधा इंडेक्स फंड घेतलेला काय वाईट? नवीन फंड 'दहा रुपयांत मिळतो' म्हणून घेणाऱ्यांची तर परंपराच आहे. १९९४ साली मॉर्गन स्टॅनलीच्या ग्रोथ फंडासाठी लोकांनी रांगा लावल्या, अर्ज काळ्या बाजारात विकले गेले, जणू तो शेअरचा इश्यू होता. नंतर त्याचे युनिट बराच काळ दहा रुपयांच्याही खाली मिळत होते.

आणि एक. तुझ्या मित्रानं सांगितलं म्हणून मागच्या वर्षी तू स्मॉल कॅपमधून डिफेन्सच्या थीममध्ये उडी मारलीस आणि आता तिथून निघायच्या बेतात आहेस. कागदोपत्री हा म्युच्युअल फंड आहे, पण तू करतोस ते ट्रेडिंगच. फक्त तीन मिनिटांऐवजी आठ महिन्यांचं. वर्षाच्या आत बाहेर पडलास तर नफ्यावर वीस टक्के कर. वर्षानंतर साडेबारा, तोही सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. आणि विकलंच नाहीस तर कर नाहीच, ती रक्कमही तुझ्यासाठी राबत राहते. २०२५च्या सुरुवातीला बाजार पडल्यावर सलग काही महिने नव्या एसआयपींपेक्षा बंद पडलेल्या जास्त होत्या. त्यातल्या काही जुन्या खात्यांची साफसफाई होती, पण सगळ्या नव्हे. टीव्हीवर 'सही है' ऐकून आलेले लोक पहिल्या मोठ्या घसरणीत 'सही नहीं' म्हणून निघून जातात. स्वस्त झालं की पळायचं हे फक्त शेअरबाजारातच पाहायला मिळतं. भाजी मंडईत याच्या बरोबर उलट चालतं.

ताईचं म्हणशील तर तिनं गेल्या तीन वर्षांत तिचं फंडाचं स्टेटमेंट उघडलेलं नाही. पासवर्ड विसरली म्हणून. मी परवा तिला काढून दिला, आकडा बघून म्हणाली, "बरं आहे की," आणि पुन्हा आमटीकडे वळली. तुझ्या-माझ्यापेक्षा चांगला फंड मॅनेजर घरात बसला आहे आणि फी घेत नाही.

तेव्हा ताईची समजूत मी काढणार नाही. तिला सांगणार आहे ते असं: पोराला ट्रेडिंग करायचंच असेल तर करू दे, तुरुंगात टाकता येत नाही. पण एसआयपी चालू राहील आणि डायरेक्टमध्ये जाईल. सहा महिन्यांचा घरखर्च आधी एफडीत पडेल. त्यानंतर तू बोनसमधले पन्नास हजार वेगळ्या खात्यात ठेव आणि त्यावर वर्षभर तुझी सगळी विद्या आजमाव. ते संपले तर पुन्हा भरायचे नाहीत. क्रेडिट कार्डावर, मित्राकडून, पर्सनल लोनवर, कुठूनच नाही. माझ्याकडे येणाऱ्यांतले बुडालेले बहुतेक जण पहिल्या पन्नास हजारांनी बुडालेले नसतात, ते परत मिळवायला घातलेल्या चार लाखांनी बुडालेले असतात. मार्चअखेर मला टॅक्स पीएनएल पाठव, चार्जेसच्या तक्त्यासकट, आणि शेजारी त्याच वर्षाचा निफ्टीचा आकडा लिही. नफा निफ्टीपेक्षा जास्त असेल तर पुढच्या वर्षी रक्कम दुप्पट कर, मी स्वतः ताईशी भांडेन.

या वर्षीचं रिटर्न मात्र तू स्वतः आयटीआर-१ मध्ये भरून टाकू नकोस. पगाराचा फॉर्म १६ आहे म्हणून तेवढंच दाखवायचं आणि ट्रेडिंगचं गुपचूप ठेवायचं, हा शहाणपणा खूप जण करतात आणि मग खात्याची नोटीस घेऊन माझ्याकडे येतात. तुझे सौदे खात्याला आधीच दिसतात. तोटा असेल तर तोही दाखवायचाच. पगारातून तो वजा होत नाही, पण मुदतीत रिटर्न भरलं तर फ्युचर-ऑप्शनचा तोटा पुढची आठ वर्षं नेता येतो आणि पुढे धंद्यात नफा झालाच तर त्यातून वजा होतो. इंट्राडेचा चारच वर्षं, आणि तोही तसल्याच नफ्यातून. एप्रिलपासूनची फाइल उतरवून पाठव. मंगळवार एकटा नको, सगळे वार हवेत.

तुझा,
मामा

ता. क. तो टेलिग्रामवाला 'सर', ज्याला तू महिन्याला तीन हजार देतोस, त्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचार. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा 'आयएनएच'नं आणि गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'नं सुरू होतो, आणि सेबीच्या संकेतस्थळावर नाव टाकून पडताळता येतो. त्यानं ग्रुपमधून काढून टाकलं तर ते तीन हजारही एसआयपीत टाक.